टिपणांच्या वह्या भरल्या, तरी इतिहासाचा पेपर उभा राहत नाही: काय तपासायचं, काय बदलायचं

"वाचून सगळं झालंय, आता फक्त लिहायचं राहिलंय." पुण्यात इतिहासात एम.ए. किंवा पीएच.डी. करणाऱ्या कुणाही मुलामुलीच्या तोंडून हे वाक्य आलं की मी त्यांची वही बघायला मागतो. वही भरलेली असते. पुस्तकांची नावं, पानांचे क्रमांक, लाल-निळ्या शाईतल्या रेघा, मोबाइलमध्ये शेकडो फोटो, सगळं असतं. पेपर, म्हणजे शोधनिबंध, मात्र पुढे सरकलेला नसतो. पुढच्या सत्रात विषय बदलतो आणि अडचण तीच राहते.

हे आळसामुळे होत नाही, हे आधी सांगतो. जी मुलं सगळ्यात जास्त राबतात, तीच इथे सगळ्यात जास्त अडकलेली मी पाहिली आहेत. म्हणून या एकाच अडचणीवर सविस्तर लिहितो आहे.

तुमची अडचण हीच आहे का, ते आधी बघा. मार्गदर्शक दर भेटीत "हे वर्णन झालं, मांडणी कुठे आहे?" असं विचारतात. पेपर प्लेगवर असतो आणि निम्मी पानं पुण्याचा भूगोल, पेठांचा इतिहास आणि इंग्रजी सत्तेचा उदय यातच संपतात. टिपणं पुस्तकागणिक काढलेली असतात, मुद्द्यागणिक नसतात. आणि "तुम्हाला नेमकं काय सापडलं?" असं मित्रानं विचारलं तर उत्तर "प्लेगवर काम करतोय" याच्या पुढे जात नाही. यातली दोन लक्षणं जुळली तरी पुढचं वाचा.

अशा वेळी सगळे जो उपाय करतात तो म्हणजे आणखी वाचणं. अजून दोन पुस्तकं, शोधगंगेवरचे (पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे) अजून चार प्रबंध. त्यानं दुखणं वाढतं, कारण कमतरता माहितीची नसतेच.

विषय आहे, प्रश्न नाही

जवळजवळ प्रत्येक अडलेल्या पेपराच्या मुळाशी हेच असतं. "पुण्यातील प्लेग : एक ऐतिहासिक अभ्यास" हा विषय झाला. त्यात काय घ्यायचं हे कळतं, काय सोडायचं हे कळत नाही. मग सगळंच घेतलं जातं.

हेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. पुण्यातल्या मुलांना ते जवळचं आहे, आणि विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी तर फारच जवळचं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला. पुढे तो पुण्यात आला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून पुण्यात आला आणि मार्चपासून गोऱ्या सैनिकांकडून घरोघर तपासणी सुरू झाली. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट हा लष्करी अधिकारी यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. तो बंगला म्हणजे आज विद्यापीठाची मुख्य इमारत. जयकर ग्रंथालयात बसून प्लेगवर वाचणारा विद्यार्थी घटनेच्या जागेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर असतो.

एवढं सगळं प्रत्येक पेपरात येतं. प्रत्येक पेपरात येतं, म्हणूनच तो तुमचा पेपर होत नाही. आता याच साहित्यातून प्रश्न कसा निघतो ते पाहा.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वर्षी वेल्बी आयोगापुढे (हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे) साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून मित्रांची पत्रं आली, त्यांत सैनिकांच्या वर्तनाबद्दल गंभीर आरोप होते. गोखल्यांनी ते तिथे जाहीरपणे मांडले. परत आल्यावर ते सिद्ध करता आले नाहीत आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. पेपरांमध्ये हा प्रसंग साधारण असा येतो: "गोखल्यांनी इंग्लंडमध्ये आवाज उठवला, पण त्यांना माफी मागावी लागली. यावरून इंग्रज सरकारची दडपशाही दिसते." इथे परिच्छेद संपतो. निष्कर्ष आधीच ठरलेला होता, प्रसंग त्याला फक्त चिकटवला.

त्याच प्रसंगाजवळ थोडं थांबा. गोखल्यांच्या हातात पत्रं होती. पत्र लिहिणाऱ्यानं ते स्वतः पाहिलं होतं की शेजाऱ्याकडून ऐकलं होतं? खासगी पत्रात जे लिहिता आलं ते नाव देऊन, साक्षीला उभं राहून का सांगता आलं नाही? भीती होती, की घराच्या अब्रूचा प्रश्न होता? पंडिता रमाबाईंनीही त्या वर्षी एका मुलीच्या बाबतीत प्लेगच्या इस्पितळात काय घडलं यावर वृत्तपत्रात पत्र लिहिलं होतं. मग कुणाची तक्रार छापली जात होती, कुणाच्या नावानं, आणि कोणती गल्लीतच विरत होती?

झाला प्रश्न तयार: १८९७ च्या मार्च ते जुलै या महिन्यांत घरतपासणीविषयीची तक्रार घरापासून वृत्तपत्रापर्यंत आणि तिथून सरकारपर्यंत कोणत्या वाटेनं गेली, आणि त्या वाटेवर तिच्यातलं काय गळलं? आता पेठांचा इतिहास आपोआप बाहेर पडतो. प्लेगचे जंतू आणि ते शोधणारा अलेक्झांडर येर्सिन बाहेर पडतात. रँडचा वधसुद्धा बराचसा बाहेर पडतो, कारण तुमची गोष्ट मुख्यतः त्याच्या आधी घडते.

प्रश्न खरा आहे का, हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. त्याचं उत्तर दोन वेगवेगळ्या प्रकारे येऊ शकतं का? "रँड जुलमी होता का?" याचं उत्तर तुम्ही कामाला बसण्याआधीच ठरवलेलं असतं. "तक्रारीतलं काय गळलं?" याचं उत्तर कागद बघितल्याशिवाय देताच येत नाही, आणि उत्तर काहीही निघालं तरी पेपर होतो. काहीच गळलं नाही असं दिसलं, तर तोही शोधच आहे.

आणखी एक. सावित्रीबाई फुले याच साथीत, १० मार्च १८९७ ला गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली. घरतपासणीच्या तक्रारींवर उभा केलेला पेपर घरं असलेल्यांचा, वाडे असलेल्यांचा, पत्र लिहू शकणाऱ्यांचा पेपर होतो. ज्यांच्या सेवेत सावित्रीबाई गेल्या, ती माणसं त्यात सहसा येत नाहीत. ती तुमच्या साधनांत का दिसत नाहीत, हे तुम्ही नोंदवलंत तर तो परिच्छेद पेपरातला सगळ्यात मोलाचा ठरू शकतो. मला तरी असे परिच्छेद वाचताना वाटतं की आता हा विद्यार्थी इतिहास लिहायला लागला.

प्रश्न आहे, पण त्याचे कागद हाताशी नाहीत

पुण्यात राहणं ही इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी चैन आहे. सदाशिव पेठेत १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. कौन्सिल हॉलजवळ पुराभिलेखागार आहे, ज्याला अजूनही सगळे पेशवे दप्तरच म्हणतात. भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, केसरीवाड्यातलं ग्रंथालय, १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर. एवढं असताना चूक होते ती अशी की मुलं आपल्या प्रश्नाचा कागद कुठे असेल याचा विचार न करता जवळच्या दारात शिरतात.

प्लेगचंच घ्या. पुराभिलेखागाराचं मुख्य धन म्हणजे पेशवाईचे मोडी लिपीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. मुंबई सरकारच्या सचिवालयाच्या १८९७ च्या फायली मुंबईत, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात आहेत. ज्याचा प्रश्न "सरकारनं तक्रारीचं काय केलं" असा आहे त्याला मुंबईला जावंच लागेल. "वृत्तपत्रानं तक्रार कशी मांडली" असा प्रश्न असेल तर पुण्यात राहून काम होईल. एका सत्राचा पेपर असेल तर मी यातला दुसरा, वृत्तपत्रांचाच प्रश्न घ्या म्हणेन. हातातल्या कागदावर प्रश्न बेतणं ही तडजोड वाटते, पण सगळे अनुभवी संशोधक तेच करत असतात.

वृत्तपत्रांबद्दल एक इशारा. इंग्रज सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला तयार करून घेई. ते अहवाल वापरायला सोयीचे आहेत, इंग्रजी पुस्तकांतही त्यांचेच उतारे येतात. मग आपली मुलं काय करतात? 'केसरी'तला मजकूर त्या इंग्रजी सारांशातून घेतात आणि पुन्हा मराठीत आणतात. मूळ मराठी लेख केसरीवाड्यात असताना! सरकारी अनुवादक काय उचलायचा आणि काय सोडायचा? त्याला राजद्रोहाचा वास कुठे येतोय ते बघायचं असे. स्थळांची नावं, चाळीतल्या बायकांचं म्हणणं, उपरोधाचा सूर हे सारांशात टिकायला जागाच नाही. टिळकांवर १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला आणि १४ सप्टेंबरला दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हासुद्धा वादाचा एक भाग मराठी शब्दांचा इंग्रजीत काय अर्थ करायचा यावर होता. तेव्हा मूळ अंक आणि सरकारी सारांश दोन्ही शेजारी ठेवून वाचा. दोहोंतला फरक हेच तुमच्या पेपराचं एक प्रकरण होऊ शकतं.

इथे मला मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मनापासून काही सांगायचं आहे. इंग्रजी कच्चं आहे म्हणून तुम्ही चर्चेत मागच्या बाकावर बसता, हे मी वर्षानुवर्षं बघतो आहे. 'ज्ञानप्रकाश', 'दीनबंधु', 'सुधारक', 'केसरी' या त्या काळच्या वृत्तपत्रांचं मराठी सरळ वाचता येणं, त्यातला टोमणा कळणं, जुनी लकब पकडता येणं ही पात्रता आहे. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांतले लोक ती कमवायला वर्षं घालवतात. तुमच्याकडे ती आहे. पेपर त्या जोरावर उभा करा.

पेशवाईवर काम असेल तर दुसरा खड्डा आहे. मोडी येत नसेल तर मुलं छापील साधनांकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाले. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड १८९८ पासून निघू लागले. पण "निवडक" हा शब्द विसरू नका. सरदेसायांचं मन मुख्यतः राजकारणात, मोहिमांत, मुत्सद्देगिरीत रमलेलं होतं आणि निवड त्या नजरेनं झाली. तुमचा प्रश्न पुण्यातल्या कुळंबिणींचा (दासींचा) किंवा कोतवालीतल्या दंडांचा असेल आणि तुम्ही ४५ खंड चाळून "याविषयी फारसे उल्लेख आढळत नाहीत" असं लिहिलंत, तर ते विधान दप्तराबद्दल नसून सरदेसायांच्या निवडीबद्दल आहे. अशा प्रश्नांना गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशा जास्त उपयोगी पडतात, आणि शेवटी रुमाल. मंडळात आणि इतरत्रही मोडीचे वर्ग चालतात. पीएच.डी. करायची असेल तर पहिल्याच वर्षी शिका. लिपी बसायला महिने लागतात, पण एकदा बसली की तुम्ही दुसऱ्याच्या निवडीचे ताबेदार राहत नाही.

अभिलेखागारात जाताना विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र जवळ असू द्या, आधी फोन करा, आणि नक्कल किंवा फोटो काढण्याचे नियम काम सुरू करण्याआधीच विचारा. तिथल्या कर्मचाऱ्यांशी अदबीनं बोला. रुमालाची नोंद यादीत एक असते आणि आत काय आहे हे त्यांना ठाऊक असतं.

तारखा जुळत नाहीत

हा भाग वेगळा काढतोय, कारण इथे चांगले पेपर तोंडी परीक्षेत गारद होतात.

मराठी कागदांत कालगणना एका प्रकारची नसते. शक असतो, फसली असते, आणि पेशवाईच्या कागदांत तर सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. "सन इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. सुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे ११६१ अधिक ६००. त्याच सालातलं दिवाळीचं पत्र मात्र १७६० मधलं. सगळीकडे डोळे मिटून ६०० मिळवणाऱ्याची निम्मी पत्रं एका वर्षानं पुढे जातात, आणि मग उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असा प्रकार होतो.

शकाचंही तसंच. पानिपतचा दिवस शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. पौष हा नेमका उंबरठ्यावरचा महिना, तिथे जंत्री (वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून दाखवणारं कोष्टक) उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. पत्राखाली "छ" लिहून पुढे जो आकडा आणि जमादिलाखर, रबिलावल असा महिना येतो तो चांद्र दिवस असतो. मोडकांची जंत्री जवळ ठेवून तो जुळवावा लागतो. इंग्रज वखारींची पत्रं वापरत असाल तर १७५२ पर्यंत इंग्रज जुनी दिनगणना वापरत होते, आणि त्यांचं वर्षसुद्धा २५ मार्चला सुरू होई, हे लक्षात असू द्या. जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रावर त्यामुळे मागच्या वर्षाचा आकडा दिसू शकतो.

उपाय एकच: टिपणात आधी मूळ तारीख जशीच्या तशी उतरवा आणि तिच्याखाली तुम्ही काढलेली इंग्रजी तारीख लिहा. मूळ तारीख कधीही गाळू नका. हिशेब चुकला तर तो नंतर कुणालाही दुरुस्त करता येतो. मूळच नसेल तर पुन्हा रुमालापाशी जावं लागतं.

टिपणं आहेत, पण त्यातून परिच्छेद निघत नाही

वही उघडून एक पान बघा. त्यातलं कोणतं वाक्य लेखकाचं जसंच्या तसं आहे, कोणतं तुम्ही तुमच्या शब्दांत लिहिलंय आणि कोणता विचार तुमचा स्वतःचा आहे, हे सहा महिन्यांनी सांगता येईल का? बहुतेक वह्यांत ते सांगता येत नाही. वाङ्मयचौर्याचे आरोप ज्यांच्यावर येतात त्यातले कित्येक जण अप्रामाणिक नसतात. त्यांच्या टिपणांतच भिंती पडलेल्या असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साम्य १० टक्क्यांपर्यंत असलं तर दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत. पण हा आकडा सांभाळण्यासाठी शब्दांची अदलाबदल करत बसणं हा रोगावर लेप आहे. अवतरणाला अवतरणचिन्ह, सारांशाला पानाचा क्रमांक, आणि स्वतःच्या विचारापुढे "माझं" असं ठळक लिहायची सवय लावा. झोटेरो हे संदर्भ नोंदवायचं सॉफ्टवेअर वापरा नाहीतर कागदी पत्त्या (टिपणांची छोटी कार्डं), त्यानं फरक पडत नाही.

एका पत्तीवर एकच गोष्ट. आणि प्रत्येक पत्तीवर शेवटची ओळ अशी: "हे माझ्या प्रश्नाला काय सांगतं?" ही ओळ सुचत नसेल तर ती पत्ती बाजूला ठेवा. बाजूला ठेवलेला गठ्ठा मोठा होतो. तो पुढच्या पेपरासाठी आहे असं समजा, म्हणजे टाकताना जीव तुटत नाही.

मुलाखतींवर पेपर असेल तर अडचण थोडी निराळी. पानशेतच्या पुरावर, १२ जुलै १९६१ च्या दिवसावर काम करणारी मुलं येतात. सगळ्या मुलाखती एकसारख्या निघतात, कारण माणसं साठ वर्षं ऐकलेली आणि वाचलेली गोष्ट सांगतात. त्यांना पुराबद्दल विचारूच नका. त्या रात्री कुठे झोपलात, भांडी कुणाकडची आली, शाळा पुन्हा केव्हा भरली, घरातले कोणते कागद गेले आणि ते नंतर कसे मिळवले, असं विचारा. तिथे त्यांची स्वतःची आठवण सुरू होते.

प्रकरणांचा साचा गळ्याशी येतो

प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं, संशोधन पद्धती, व्याप्ती, मर्यादा, पूर्वसंशोधनाचा आढावा. हा साचा बऱ्याच ठिकाणी सक्तीचा असतो आणि मुलं लिहायची सुरुवात तिथूनच करतात. मग "प्लेगचा अभ्यास करणे", "प्लेगच्या परिणामांचा अभ्यास करणे" अशी उद्दिष्टं होतात. साचा भरावा लागेल, त्याला इलाज नाही. पण तो सगळ्यात शेवटी भरा.

लिहायला बसाल तर एका कागदापासून बसा. तुमच्या सगळ्या साधनांतला असा एक अंक, एक पत्र किंवा एक नोंद निवडा, जी वाचताना तुम्ही थबकला होतात. ती काय म्हणते, कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, तिच्यात काय नाही, हे दोन पानांत लिहा. कोणत्याही पुस्तकाचा आधार न घेता. मग विचारा: हे दुसऱ्या कागदातही दिसतं का? दिसत असेल तर तिसरं पान, आणि दिसत नसेल तर का नाही, म्हणूनही तिसरं पान. असं सहा-सात पानांपर्यंत गेलात की इतर अभ्यासकांनी काय म्हटलंय ते आणा. तेव्हा त्यांच्याशी तुमचं काही बोलणं असेल. आधी आणलंत तर तुम्ही फक्त त्यांचं ऐकत बसता.

मार्गदर्शकांकडे जाताना हीच दोन पानं घेऊन जा. "सर, विषयाबद्दल बोलायचं होतं" म्हणून गेलात तर पुस्तकांची नवी यादी घेऊन परत याल. छापील दोन पानं समोर ठेवलीत तर त्यांना पेन हातात घ्यावं लागतं. मॅडम म्हणाल्या "हे पटत नाही", तर आनंद माना, पटण्या-न पटण्यासारखं काहीतरी तुम्ही लिहिलंय.

टंकलेखनाबद्दल थोडक्यात. सगळं पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहून शेवटच्या आठवड्यात बदललं की जोडाक्षरं फुटतात आणि तळटिपांचे आकडे विस्कटतात. तळटिपेत पहिल्या खेपेला पूर्ण संदर्भ द्या, आणि "तत्रैव" (म्हणजे आधीच्याच संदर्भात) मसुदा पक्का झाल्यावरच लावा. मध्ये एक परिच्छेद सरकला की "तत्रैव" भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतं.

महिनाच उरला असेल तर

नवीन वाचन आजपासून बंद. आहे त्या पत्त्या टेबलावर मांडा आणि त्यातून उत्तर देता येईल असा सगळ्यात लहान प्रश्न लिहा. काळ कमी करा: वर्षाऐवजी पाच महिने, सगळ्या वृत्तपत्रांऐवजी दोन. पार्श्वभूमीला दीड पान, त्याहून जास्त नाही. १८८५ च्या गॅझेटियरचे (सरकारी माहितीग्रंथाचे) पुण्यावरचे तीन भाग आहेत, पेठांची आणि पाण्याची माहिती त्यांचा हवाला देणाऱ्या एका तळटिपेत भागते. मधली दहा-बारा पानं कागदांवर खर्च करा. निष्कर्षात नवं काही आणू नका, आणि जे कागद बघता आले नाहीत ते लपवू नका. मुंबईच्या फायली राहिल्या असतील तर त्या कोणत्या, कुठे आहेत आणि त्या पाहिल्यावर तुमच्या उत्तरातला कोणता भाग बदलू शकतो, हे मर्यादांच्या भागात तीन ओळींत सरळ लिहा. परीक्षक पहिला प्रश्न बहुधा त्याच तीन ओळींवर विचारतील, त्याचं उत्तर तयार ठेवा.